ब्लॅक सॅबथ: चार पोरं, एक वस्ती आणि ड्रमवरची रिकामी जागा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून.

आज गोष्ट एका बँडची. 'लोकल बँड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवणारी, उसन्या अँपवर भागवणारी पोरं येतात. ब्लॅक सॅबथ हे नाव ऐकलं की मात्र कोट्यवधी रेकॉर्ड, स्टेडियम, धूर आणि काळे टी-शर्ट आठवतात. पण हा बँड सुरू झाला तेव्हा शब्दशः लोकल होता. चौघंही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन नावाच्या एका भागातले. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेसवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि गायला ऑझी ऑस्बोर्न.

हे चौघं १९६८ मध्ये एकत्र आले, १९७९ मध्ये फुटले आणि त्यानंतर 'पुन्हा एकत्र' आल्याच्या बातम्या इतक्या वेळा आल्या की मोजताना बोटं कमी पडतील. पण त्यातल्या बऱ्याच वेळी स्टेजवर चार जण असले तरी ते चार जण नसायचे. बहुतेक वेळा ड्रमवर दुसराच कोणीतरी. म्हणून आज आपण ही गोष्ट त्या ड्रमच्या स्टुलावरून बघू. बँड परत एकत्र आला असं नेमकं कधी म्हणायचं? आणि ते ठरवतं कोण?

भोंगा, पाळी आणि दोन बोटं

आधी ॲस्टन समजून घ्या. आपल्याकडे एकेकाळी लालबाग-परळ जसं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं, तसं हे कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणारं गाव. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमवर जर्मन विमानांनी बाँब टाकले होते. ही चौघं १९४८-४९ मध्ये जन्मली आणि पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत खेळत मोठी झाली. ऑझीचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं एक छोटंसं घर, आणि त्यात सहा भावंडं. वडील हत्यारं बनवणारे कारागीर, आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. ऑझीने स्वतः मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं, मग कत्तलखान्यात काम केलं, मग घरफोडीच्या प्रकरणात काही आठवडे तुरुंगातही राहून आला. दंड भरायला पैसे नव्हते आणि वडिलांनी भरायला नकार दिला. पोराला अद्दल घडावी म्हणून.

टोनीची गोष्ट तर तुम्ही रीलवर पाहिलीही असेल. वय १७. पत्र्याच्या कारखान्यात नोकरी. एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरीचा तो शेवटचा दिवस. जेवायच्या सुट्टीत घरी आला आणि परत जायचा कंटाळा करत होता. आई म्हणाली, काम अर्धवट टाकू नकोस. तो परत गेला. त्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळ्या मशीनवर उभं केलं होतं, आणि त्या मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबणारा हात नेमका उजवाच.

सगळं संपलं असं त्याला वाटलं. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत भाजल्यामुळे या गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली होती आणि तरी तो युरोपातल्या सर्वोत्तम जॅझ वादकांपैकी एक होता. मग टोनीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या मापाच्या टोप्या बनवल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. तारा दाबताना दुखायचं म्हणून पातळ तारा शोधल्या. पुढे तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावायला लागला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये काही गाण्यांत ती चक्क तीन अर्धस्वर खाली आहे.

आता गंमत बघा. तार सैल केली की आवाज जड होतो, खोल होतो. पुढे ज्याला जग हेवी मेटल म्हणणार होतं, त्या जडपणामागे एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांचाही हात होता.

नको असलेला गायक

१९६८. टोनी आणि बिल वॉर्ड आधी एका बँडमध्ये एकत्र होते, तो मोडला होता. नवीन गायक हवा होता. एका वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावलेली दिसली. ऑझी नावाच्या कुणाला बँड हवाय आणि त्याच्याकडे स्वतःची साउंड सिस्टीम आहे! तेव्हा साउंड सिस्टीम असणं म्हणजे आज बँडमधल्या एकाकडे स्वतःची गाडी असण्यासारखं. ती वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिली होती. दोघं पत्त्यावर गेले, दार उघडलं आणि टोनीचा चेहरा पडला. हा तर शाळेतला ऑझी! एक वर्ष मागे होता, आणि टोनीला तो तेव्हाही फारसा आवडायचा नाही.

पण शेवटी जमलं. ऑझीबरोबर गीझर आला. तो अकाउंट्सचं काम शिकत होता, पुस्तकं वाचायचा, आणि पुढे बँडची बहुतेक गाणी त्यानेच लिहिली. मुळात तो गिटार वाजवायचा. बँडला बेसवाला हवा होता म्हणून बेस हातात घेतला. आधी एक सॅक्सोफोनवाला आणि अजून एक गिटारवाला होता, ते गळले. उरले चार. नाव ठेवलं 'अर्थ'. वाजवायचे ब्लूज.

त्याच वर्षाच्या शेवटी बँड फुटता फुटता वाचला. जेथ्रो टल नावाच्या मोठ्या बँडने टोनीला बोलावून घेतलं, आणि तो गेलाही. रोलिंग स्टोन्सच्या एका टीव्ही कार्यक्रमात त्यांच्याबरोबर स्टेजवर दिसलाही. पण काही आठवड्यांत परत आला. तिथे बँड कसा चालतो हे त्याने पाहिलं होतं. सकाळी वेळेवर तालमीला हजर राहायचं, नोकरीवर गेल्यासारखं काम करायचं. परत आल्यावर हाच नियम त्याने ॲस्टनच्या पोरांना लावला. या बँडमध्ये टोनीचा शब्द शेवटचा, हे बहुधा तेव्हाच ठरलं. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळही इथेच आहे, लक्षात ठेवा.

मग नावाचा घोळ. 'अर्थ' नावाचा आणखी एक बँड निघाला. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात 'ब्लॅक सॅबथ' नावाचा भयपट लागायचा. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, मग घाबरवणारं संगीत का नको? या विचारातून त्याच नावाचं गाणं झालं आणि १९६९ मध्ये बँडचं नावही तेच झालं. त्या गाण्याचा मुख्य तुकडा ज्या स्वरांतरावर उभा आहे, ते आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि तीव्र मध्यमाचं. पेटी असेल तर सा धरा आणि तीव्र म दाबा. अंगावर काटा येतो की नाही बघा. युरोपात या अंतराला जुन्या काळापासून सैतानाशी जोडलं गेलंय.

पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झाला. तो बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण लोकांनी तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात नेला. त्याच वर्षी 'पॅरानॉइड' आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर. ज्या गाण्याच्या नावावर तो अल्बम आहे, ते गाणं अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून घाईघाईत बनवलं होतं!

आणि ड्रम? बिल वॉर्ड लहानपणापासून जॅझ ऐकत वाढलेला. इतर बँडचे ड्रमर घड्याळासारखे ठोके देतात. बिल टोनीच्या गिटारच्या मागे-पुढे झुलतो, थांबतो, एखादा ठोका मुद्दाम उशिरा टाकतो. 'वॉर पिग्ज' ऐकताना फक्त ड्रमकडे लक्ष द्या. जड दगडाला झोका दिल्यासारखं वाटेल. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सांगायचं कोणी?

१९७० ते १९७८. आठ वर्षांत आठ अल्बम. मधल्या काळात काय झालं ते लांबवत नाही, कारण रॉकच्या प्रत्येक गोष्टीत तेच असतं: दारू, कोकेन, सततचे दौरे आणि मॅनेजरशी कोर्टकचेऱ्या. १९७५ चा 'सॅबोटाज' बनत होता तेव्हा वकिलांचे कागद स्टुडिओपर्यंत येत होते. गाणी जगभर वाजत होती, पण स्वतःचे पैसे नेमके कुठे आहेत हे या पोरांना नीट ठाऊक नव्हतं. कारखान्यात वाढलेल्यांना पगाराचं पाकीट कळत होतं, करारनामा कळत नव्हता.

१९७७ च्या शेवटी ऑझी एकदा सोडून गेला आणि १९७८ च्या सुरुवातीला परतला. त्याच सुमारास त्याचे वडील वारले. तेच, ज्यांनी कर्ज काढून साउंड सिस्टीम घेऊन दिली होती. पुढचा अल्बम कसाबसा झाला. मग लॉस एंजेलिसला नवीन गाण्यांसाठी सगळे जमले, आणि काहीच पुढे सरकेना. टोनी रोज काम करू बघायचा, ऑझी शुद्धीवरच नसायचा. तसे बाकीचेही काही कमी नव्हते. एप्रिल १९७९ मध्ये निर्णय झाला: ऑझीला काढायचं.

पण त्याला सांगायचं कोणी? निर्णय मुख्यतः टोनीचा. सांगायचं काम आलं बिल वॉर्डवर. का? कारण बिल आणि ऑझी सर्वात जवळचे मित्र. एकत्र प्यायचे, एकत्र गोंधळ घालायचे. ज्याच्याबरोबर सगळ्यात जास्त हसलास, त्याला तूच जाऊन सांग की आता तू आमच्यात नाहीस.

बँडला नवा गायक मिळाला, रॉनी जेम्स डिओ. १९८० चा 'हेवन अँड हेल' जबरदस्त झाला. पण बिल आतून तुटला होता. ऑझी नाही, जवळच्या माणसांच्या मृत्यूचं दुःख, वर दारू. १९८० च्या ऑगस्टमध्ये, दौरा चालू असतानाच तो निघून गेला. पुढे १९८३ मध्ये एका अल्बमपुरता परत आला, पण दौऱ्याची वेळ आली तेव्हा पुन्हा बाजूला झाला.

नंतर गीझरही गेला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ब्लॅक सॅबथ म्हणजे टोनी आणि त्याच्याभोवती बदलणारी माणसं. गायक बदलले, ड्रमर बदलले. तिकडे ऑझी, पुढे त्याची बायको झालेल्या शॅरनच्या मदतीने, एकटा प्रचंड मोठा स्टार झाला. म्हणजे एकाकडे नाव होतं, दुसऱ्याकडे गर्दी.

पुन्हा एकत्र, पण किती?

आता मोजायला घेऊ.

१३ जुलै १९८५. लाइव्ह एड, फिलाडेल्फिया. चौघं स्टेजवर! पण सकाळची वेळ, तीन गाणी, आणि मग ज्याचा तो आपल्या वाटेने.

१९९२. कॅलिफोर्नियात ऑझीचा तेव्हा 'शेवटचा' म्हणून जाहीर केलेला शो. शेवटी चौघांनी काही गाणी वाजवली. लोकांना वाटलं, झालं आता! नाही झालं.

१९९७. उन्हाळ्यातल्या दौऱ्यात टोनी, गीझर, ऑझी एकत्र. ड्रमवर मात्र दुसरा. मग त्याच डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला, स्वतःच्या शहरात, दोन रात्री चौघंही. त्याच कार्यक्रमांचा अल्बम १९९८ मध्ये आला, नाव 'रीयुनियन'. त्यातल्या 'आयर्न मॅन'ला पुढे ग्रॅमी मिळालं. पण १९९८ मध्येच तालमीदरम्यान बिलला हृदयविकाराचा झटका आला आणि दौऱ्यावर तात्पुरता दुसरा ड्रमर घ्यावा लागला. तो बरा होऊन परत आला, पण नवा अल्बम काही झाला नाही.

२००९ मध्ये तर ऑझीने टोनीवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. 'ब्लॅक सॅबथ' हे नाव कायद्याने कोणाचं, यावर. पुढच्या वर्षी समझोता झाला.

आणि मग ११-११-११. तारीखसुद्धा मुद्दाम निवडलेली. ११ नोव्हेंबर २०११ ला चौघं पत्रकारांसमोर बसले: नवा अल्बम, जगभर दौरा, मूळ चौघं! तीन महिनेही झाले नाहीत तोवर दोन गोष्टी घडल्या. टोनीला लिम्फोमा म्हणजे एका प्रकारचा कॅन्सर असल्याचं कळलं. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बिलने जाहीर केलं की समोर ठेवलेल्या करारावर आपल्याला सही करता येणार नाही. त्याचं म्हणणं असं होतं की मूळ सदस्याचा मान राखणारा करार हवा. दुसऱ्या बाजूने, लांबलचक दौरा झेपण्याइतकी बिलची तब्येत आहे का, असा मुद्दा पुढे आला. कोण बरोबर? करार आपण पाहिलेला नाही, त्यामुळे निवाडा करायला बसायला नको.

काम बिलशिवाय पुढे गेलं. टोनी उपचार घेत घेत वाजवत राहिला, आणि २०१३ चा '१३' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'पॅरानॉइड'नंतर तब्बल ४३ वर्षांनी! अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदाच. त्यावर ड्रम वाजवलेत रेज अगेन्स्ट द मशीनच्या ब्रॅड विल्कने. उत्तम वाजवलेत. पण आधी सांगितलेला तो झोका आठवा आणि मग दोन्ही ऐका. ठोके सगळे जागेवर आहेत, तरी काहीतरी नाहीये, हे गिटार न वाजवणाऱ्यालाही कळतं.

४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. वर्तुळ पूर्ण झालं, असं सगळीकडे छापून आलं. ड्रमवर तेव्हाही बिल नव्हता.

व्हिला पार्क

ऑझीला पार्किन्सन असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. मणक्याची ऑपरेशन्स झाली, चालणं अवघड झालं. मग २०२५ च्या सुरुवातीला घोषणा आली: एक शेवटचा कार्यक्रम, ५ जुलैला, व्हिला पार्कवर. आणि ड्रमवर बिल वॉर्ड.

व्हिला पार्क म्हणजे ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचं मैदान. ऑझीच्या लहानपणच्या घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. मॅचच्या दिवशी लोक आसपासच्या गल्ल्यांत मोटारी लावायचे आणि छोटा ऑझी चार पैसे घेऊन त्या 'सांभाळायचा'. गीझर तर या क्लबचा पक्का चाहता. म्हणजे ज्या मैदानाबाहेर पोरं घुटमळायची, तिथेच आता यांच्यासाठी मैदान भरलं. आधी मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेअर यांच्यासारखे बँड वाजवून गेले. कमाई पार्किन्सनवरच्या संशोधनाला आणि लहान मुलांच्या रुग्णसेवेला देण्यासाठी होती.

ऑझी उभा राहू शकत नव्हता. काळ्या सिंहासनावर बसून गायला. सॅबथची गाणी किती? चार. 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. ७७ वर्षांचा टोनी, ७७ वर्षांचा बिल, ७६ चा ऑझी, ७५ चा गीझर. २०१२ मध्ये जी अट आडवी आली होती, ती इथे नव्हती. लांब दौरा नव्हता, अल्बम नव्हता, वर्षभराचा हिशेब नव्हता. एक संध्याकाळ होती.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. पुढे ब्रास बँड सॅबथची गाणी वाजवत होता आणि गाड्या थांबल्या त्या 'ब्लॅक सॅबथ ब्रिज'वर. या पुलावर एक बाक आहे, २०१९ मध्ये बसवलेला. त्यावर चेहरे आहेत चार. बिलचाही.

मग मोजायचं कसं?

आता सुरुवातीचा प्रश्न. कायद्याने बघितलं तर २०१३ ची ब्लॅक सॅबथ शंभर टक्के ब्लॅक सॅबथ होती. नाव होतं, करार होता, अल्बम पहिल्या क्रमांकावर होता. पण चाहते तेव्हा, आणि नंतरही वर्षानुवर्षं, एकच विचारत राहिले: बिल कुठेय? नाव कोणाचं हे कोर्ट ठरवू शकतं. बँड कोणता, हे मात्र ऐकणाऱ्यांनी आणि त्या चौघांनी मिळून ठरवलं होतं, पार १९६८ मध्ये, तालमीच्या खोलीत. २०२५ मध्ये चार गाण्यांत ते परत दिसलं.

तुमच्यापैकी कितीतरी जण बँडमध्ये असतील, ढोल पथकात असतील, एकांकिका बसवत असतील. तुमच्याकडेही एखादा टोनी असेलच, जो सगळ्यांना वेळेवर बोलावतो, आणि एखादा बिल, ज्याचं काम तो नसतो तेव्हाच लक्षात येतं. नाव कोणाचं, पैसे कसे वाटायचे, हे चहाच्या टपरीवर हसतखेळत बोलता येतंय तोवरच बोलून घ्या. आणि कुणाला काढायची वेळ आलीच, तर ज्याने निर्णय घेतला त्यानेच जाऊन सांगावं. मित्राला पुढे करू नये.

आजचा गृहपाठ: 'वॉर पिग्ज' लावा, चांगल्या इअरफोनवर, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बिल वॉर्ड ऐका. मग तुमच्या ओळखीतला कोणता बँड फुटला आणि परत जुळला ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, पण आवाज कानाला सोसेल इतकाच ठेवा!